विरोधात कोणी असल्यास

बिशप ऑल्सेन आठवड्यातले पाच दिवस दात काढत आणि उरलेले दोन दिवस मंडळींच्या आत्म्यांची काळजी वाहत. दोन्ही कामांत त्यांचा हात हलका होता, आणि दोन्ही कामांत नेमकं काय झालं ते समोरच्याला घरी गेल्यावरच कळत असे.

डेलमर टॉलमन त्या दिवशी त्यांच्या खुर्चीत आडवा होता. तोंडात दोन नळ्या, गालात कापसाचा बोळा, अर्धी जीभ बधिर. बिशपनी दिवा खाली ओढला आणि म्हणाले, "ब्रदर टॉलमन, यंदा चोवीस जुलैला, पूर्वज इथे येऊन पोचल्याच्या सणाला, आपण नुसती मिरवणूक न काढता एक चित्रपट करावा, असं माझ्या मनात आहे. आपल्या पंथाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांवर. ऐतिहासिक, पण कौटुंबिक. हे पाचारण तुम्हाला द्यावं अशी मला प्रेरणा झाली आहे. स्वीकारता ना?"

"आँ," डेलमर म्हणाला. त्याला म्हणायचं होतं, 'आधी नोलीनला विचारतो.'

"देव तुमचं भलं करो," बिशप म्हणाले आणि त्यांनी ड्रिल सुरू केलं.

आल्डर फोर्क गावात पाचारणाला, म्हणजे चर्चने नेमून दिलेल्या कामाला, नाही म्हणायची पद्धत नाही. बारा वर्षं गालिच्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला चित्रपटातलं काय कळतं, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. दात काढणाऱ्याला आत्म्यातलं काय कळतं, हे तरी कुठे कोणी विचारलं होतं? रविवारी सभेत बिशपनी डेलमरचं नाव वाचलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "ज्यांची अनुकूलता असेल त्यांनी हात वर करून दाखवावी." दोनेकशे उजवे हात कोपरात काटकोन करून वर गेले. "विरोधात कोणी असल्यास त्याच खुणेने."

हे दुसरं वाक्य दर वेळी म्हटलं जातं. निघालेल्या पाहुण्याला फाटकापाशी 'जेवूनच गेला असतात' म्हणावं, तसं. कोणी खरंच हात वर केला, तर बिशपनी त्याला नंतर बाजूला घेऊन एकांतात बोलावं, असा नियम आहे म्हणतात. पण आल्डर फोर्कमधल्या हयात माणसांपैकी कोणी तो हात पाहिलेला नव्हता. स्वतःच्याच विरोधात हात वर करावा, असं डेलमरला क्षणभर वाटलं. पण दाढ अजून ठणकत होती, आणि तो हात गालावर होता.

पटकथा लिहिली सिस्टर अर्डिथ पिकेट यांनी. या पंथात सगळेच एकमेकांना ब्रदर नाहीतर सिस्टर म्हणतात. नाताळची अकरा नाटकं त्यांच्या नावावर होती आणि त्यांतल्या एकातही मेंढ्यांनी ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा स्वभाव करारी झाला होता. विषय त्यांनी टॉलमन घराण्यातलाच निवडला. अठराशे तीस साली न्यूयॉर्ककडच्या एका शेतावर दोन भाऊ राहत होते, थोरला जोथम आणि धाकटा आसाहेल. धाकट्याने नवी शिकवण ऐकली, त्याचा विश्वास बसला, नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला. थोरल्याचा विश्वास बसला नाही. मग गावातला जमाव धाकट्याचं कोठार जाळायला आला. पुढे आसाहेल बैलगाडी घेऊन पश्चिमेला निघाला, आणि म्हणून आज आल्डर फोर्कमध्ये दगड मारला तर तो टॉलमनला लागतो. जोथम मागे राहिला आणि त्याने सफरचंदं पिकवली.

यापलीकडे कोणालाच काही ठाऊक नव्हतं. त्यापलीकडचं सिस्टर पिकेटना ठाऊक होतं. त्यांच्या पटकथेत जोथम आधी जमावात सामील होतो, कोठार जळताना पाहतो, आणि शेवटच्या पानावर गुडघे टेकून, हमसून हमसून रडून, नदीत उतरून बाप्तिस्मा घेतो.

"हे घडलं होतं?" डेलमरने विचारलं.

"घडायला हवं होतं," सिस्टर पिकेट म्हणाल्या.

पटकथा मंजुरीसाठी वरच्या समितीकडे गेली आणि तीन सूचना घेऊन परत आली. पंथाचा संस्थापक संदेष्टा पडद्यावर दिसता कामा नये, फक्त दाराआडून आवाज यावा. 'देवाशपथ' हा शब्द चार ठिकाणी आहे, तो काढावा. आणि बाप्तिस्म्याच्या प्रसंगात माणूस नियमाप्रमाणे पूर्ण पाण्याखाली जावा, पायाचा अंगठासुद्धा वर राहू नये. खाली ठळक टीप होती: मंजूर पटकथेत बदल केल्यास ती पुन्हा समितीपुढे येईल. समिती आता सप्टेंबरात बसणार होती.

बातमी फुटली तशी डेलमरच्या दुकानात गालिचा न घेणाऱ्यांची गर्दी वाढली. प्रत्येकाचा कोणी ना कोणी खापरपणजोबा त्या काळी त्याच भागात होता, आणि तो प्रत्येक खापरपणजोबा शूर होता. एका बाईंच्या पणजीने उधळलेला बैल नुसत्या स्तोत्राने शांत केला होता; तो प्रसंग घालता येईल का? बैल त्या देणार होत्या. दाराआडच्या आवाजासाठी नऊ जणांनी नावं दिली. जमावासाठी मात्र एकही नाव आलं नाही.

"आमच्या घराण्यात दंगेखोर कोणी झालं नाही," असं जो तो म्हणायचा, आणि म्हणताना शेजाऱ्याकडे बघायचा.

अखेर बिशपनी जमावाचंही पाचारण काढलं. त्यामुळे जमाव जमला. जमावाचा म्होरक्या झाले ब्रदर वेंडेल क्राफ्ट. हे बिशपचे पहिले सल्लागार. एरवी फ्रिज दुरुस्त करत. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर स्वतःच्या गाडीने गावाबाहेर सोडून येणारा हा माणूस. कोठार त्यांचंच वापरायचं ठरलं होतं, म्हणून म्होरकेपण त्यांच्याकडे आलं.

मग मशाली. कोठार जाळायला निघालेल्या जमावाच्या हातात मशाली हव्यात. डेलमर गावच्या कचेरीत गेला.

"उघडा विस्तव," खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "त्यासाठी अर्ज करावा लागतो."

"द्या अर्ज."

"जुलैमध्ये अर्ज घेत नाही. उन्हाळ्यात विस्तवाला बंदी आहे."

"मग अर्ज कधी करायचा?"

"जानेवारीत."

"जानेवारीत परवानगी मिळते?"

"जानेवारीत परवानगी लागतच नाही. सगळीकडे बर्फ असतं."

डेलमरने हे तीनदा मनात घोळवलं आणि तो बाहेर पडला. नोलीनने तोडगा काढला. महिला मंडळाच्या कपाटात नाताळच्या बॅटरीवरच्या मेणबत्त्या होत्या. त्या दांड्यांना बांधायच्या. नोलीन ही डेलमरची बायको. ती गावातल्या लग्नांचं चित्रीकरण करायची, म्हणून कॅमेरा तिच्याकडे होता. "रात्र मी नंतर संगणकावर घालीन," ती म्हणाली. "तू फक्त एवढं बघ, की यातली एक मेणबत्ती 'सायलेंट नाइट' वाजवते. ती पुढे ठेवू नकोस."

इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे पुढे जे झालं त्या मानाने.

वेशभूषा डेलमरच्या आईकडे होती. लरू टॉलमन, वय ब्याऐंशी. हातात टाचण्यांची उशी घेऊन ती जन्माला आली असावी, असा सर्वांचा समज होता. तिने जोथमच्या कोटाचं माप घेण्याआधीच जाहीर केलं, "जोथमला दाढी होती."

"कशावरून?" सिस्टर पिकेटनी विचारलं.

"माझ्या सासूबाई सांगायच्या. छातीपर्यंत."

सासूबाईंना जाऊन चाळीस वर्षं झाली होती, तेव्हा हा पुरावा उलटतपासणीच्या पलीकडे गेलेला होता. दाढी ठरली. आता आल्डर फोर्कमधले पुरुष रोज सकाळी अशी दाढी करतात, की गालावर बसलेली माशी घसरावी. मंडळींत कोणालाच दाढी नव्हती. खोट्या दाढ्या मागवल्या. जोथमसाठी निवडलेल्या ब्रदर क्राफ्टांच्या पुतण्याला त्या डिंकाने पुरळ उठलं. दुसऱ्या उमेदवाराची दाढी तालमीनंतरच्या फराळात किसलेलं गाजर घातलेल्या हिरव्या जेलीत पडली, आणि एका आजोबांनी ती वाढून घेतली.

"गावात खरी दाढी एकच आहे," आई टाचणी तोंडात धरून म्हणाली. आणि तिने मान वर केली नाही.

एकच होती. ती डेलमरच्या थोरल्या भावाच्या, रॉइसच्या, तोंडावर होती.

दोघांचं भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडण मिटवता येतं. रॉइसने काही वर्षांपूर्वी चर्चला येणं सोडलं. आरडाओरड नाही, कारणांची यादी नाही. माझा विश्वास उरला नाही, तर बाकावर बसून जागा का अडवू, एवढंच तो म्हणाला. त्यावर डेलमरला भावाचं तारण आपल्याच हाती आहे असं वाटू लागलं. आईकडे दर रविवारी सगळं कुटुंब जेवायला जमायचं, त्या टेबलावर तो भाजलेल्या मांसाच्या रोस्टबरोबर एक प्रवचन वाढू लागला. एकदा त्याने 'सहज' म्हणून दोन तरुण धर्मप्रचारकांनाही जेवायला बोलावलं. त्यांनी रॉइसला विचारलं, "कुटुंब अनंतकाळ एकत्र राहू शकतं, हे तुम्हाला माहीत आहे का?" रॉइस म्हणाला, "तीच भीती आहे." त्यानंतर तो रविवारी यायचा बंद झाला. त्याची खुर्ची मात्र आईने टेबलापाशी तशीच ठेवली होती. तिच्यावर कोणी पर्स ठेवली तरी ती उचलून खाली ठेवायची. बोलत काहीच नव्हती, आणि तेच डेलमरला झोंबत होतं. त्या खुर्चीत रॉइस पुन्हा बसलेला पाहायचा, एवढं एकच त्याला हवं होतं. कसं, ते कळत नव्हतं.

रॉइसचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. दार उघडलं आणि आधी कॉफीचा वास बाहेर आला. या पंथात कॉफी पिणं निषिद्ध आहे. वास घेण्याबद्दल वरून कधी स्पष्ट सूचना आलेली नव्हती. डेलमरने त्या सवलतीचा एक दीर्घ श्वास घेतला.

"काय रे," रॉइस म्हणाला, "आज एकटाच? ती प्रचारक पोरं गाडीत बसलीत का?"

"कोणी नाही. दाढी हवी आहे."

"कशाला?"

"चित्रपटाला. तू तिच्यासकट यावंस, असं म्हणतोय."

रॉइसने सगळं ऐकून घेतलं आणि तो इतका हसला, की त्याला कठड्याला धरावं लागलं. "म्हणजे गावातला एकमेव अविश्वासी माणूस तुम्हाला अविश्वासी माणसाचं काम करायला हवा. आणि तू कोण, आसाहेल?"

"हो."

"आसाहेल बावीस वर्षांचा होता ना?"

"नोलीन लांबून घेणार आहे."

पुन्हा कठडा. मग डोळे पुसत तो म्हणाला, "येतो. पण दोन अटी. एक, मला कोणी उपदेश करायचा नाही. आणि दुसरी, जोथमला शेवटी पाण्यात बुडवायचा नाही. तो शेवटपर्यंत जोथमच राहिला. सफरचंदं पिकवली आणि मेला. त्याला तेवढं तरी राहू द्या."

"म्हणजे काय! प्रश्नच नाही," डेलमर म्हणाला.

त्याच संध्याकाळी सिस्टर पिकेटनी विचारलं, "शेवटचा प्रसंग त्याला समजावलात ना? अंगठ्याचं सांगितलंत?"

"म्हणजे काय! प्रश्नच नाही," डेलमर म्हणाला.

आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस खोटं बोलायला लागला, की त्याला मापाचा अंदाज राहत नाही. रॉइसच्या पटकथेतलं शेवटचं पान त्याने काढून घेतलं आणि 'छपाईत राहिलं' म्हणून सांगितलं. सिस्टर पिकेट रॉइसशी बोलायला गेल्या की तो मध्ये गालिच्याचे नमुने घेऊन उभा राहायचा. नदीवरचा प्रसंग त्याने तीनदा पुढे ढकलला. एकदा पाणी गार आहे म्हणून, एकदा पाणी कमी आहे म्हणून, आणि एकदा, काहीच न सुचल्यामुळे, पाणी ओलं आहे म्हणून. नोलीनने कॅमेऱ्याआडून त्याच्याकडे बघितलं.

"डेल, तुला बरं वाटत नाहीये का?"

"दाढ," तो म्हणाला.

जमावाच्या तालमी सुरू झाल्या आणि त्याचा स्वभाव उघडा पडला. ब्रदर क्राफ्ट प्रत्येक तालमीची सुरुवात प्रार्थनेने करत. "हे स्वर्गीय पित्या, आजच्या या दंगलीवर तुझा आशीर्वाद असू दे, आणि कोणाला इजा होऊ देऊ नकोस." त्यांचं चिथावणीचं भाषण संपलं की जमाव एका आवाजात "आमेन" म्हणायचा. कोठाराकडे धावताना ज्याचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडे, तो थांबून माफी मागे. शिव्यांचा प्रश्न तर सुटेचना.

"काहीतरी बोला!" डेलमर ओरडला. "तुम्ही संतापला आहात!"

"अरे... अरे भोपळ्या!" मागून एक जण ओरडला आणि लाजला.

"मला वाटतं," ब्रदर क्राफ्ट म्हणाले, "आपण जाळण्याआधी त्यांना एकदा समजावून पाहिलं, तर?"

रॉइस कोठाराच्या सावलीत पिंपावर बसून हे सगळं बघायचा. त्याची दाढी हलत असायची. उपदेश त्याला कोणी करत नव्हतं. जमावातल्या बायका मात्र त्याला रोज ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्यांचं कॅसरोल आणून देत होत्या, वर कुरकुरीत कॉर्नफ्लेक्स घातलेलं. हा उपदेशच आहे की नुसते बटाटे, हे त्याला ठरवता येईना. बटाटे मात्र तो संपवत होता. एकदा त्याने डेलमरला विचारलं, "आई अजून यांत आंबट साय घालते का?"

"घालते. दर रविवारी," डेलमर म्हणाला. पुढचं वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं. इतकं मोठं काही त्याने दंतवैद्याकडेही गिळलं नव्हतं.

दंगलीच्या चित्रीकरणाचा दिवस उजाडला. त्याच दुपारी नदीचा प्रसंगही उरकायचाच, असं सिस्टर पिकेटनी जाहीर केलं होतं. सण चार दिवसांवर आला होता आणि पाणी ओलं असल्याची सबब आता चालणार नव्हती. दुपारी रॉइसला कळणार, तो कोट काढून ठेवणार, दोन गल्ल्या चालत घरी जाणार, आणि ती खुर्ची कायमची रिकामी राहणार. हे सगळं डेलमरला स्वच्छ दिसत होतं. पटकथेत नव्हतं, तरीही.

भर उन्हात, बॅटरीच्या मेणबत्त्या घेऊन, जमाव कोठारासमोर उभा राहिला. आसाहेलच्या वेशातला डेलमर दारात पाठ टेकून. पटकथेप्रमाणे म्होरक्याने भाषण करायचं, जमावाने गर्जना करायची, जोथमने पुढे होऊन पहिली मशाल उचलायची, आणि बाकीचं नोलीन संगणकावर जाळणार होती.

"चालू," नोलीन म्हणाली.

ब्रदर क्राफ्टांना त्या दिवशी खरोखरच सूर सापडला. त्यांनी टोपी मागे सारली. गळ्याच्या शिरा फुगल्या. "या माणसाने आपल्या गावात दुही पेरली आहे! भावाला भावापासून तोडलं आहे! याचं कोठार राहता कामा नये!" जमावात सळसळ झाली. कोणी तरी 'भोपळ्या'पेक्षा कडक काहीतरी म्हणालं. सिस्टर पिकेटच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या ऐन रंगात, पटकथेतलं पुढचं वाक्य विसरून, पंचवीस वर्षांच्या सवयीने ब्रदर क्राफ्ट म्हणून गेले:

"हे कोठार जाळावं, अशी ज्यांची अनुकूलता असेल, त्यांनी हात वर करून दाखवावी!"

चाळीस उजवे हात कोपरात काटकोन करून वर गेले. शिस्तीत, शांतपणे. मेणबत्त्या आपोआप डाव्या हातात गेल्या होत्या.

"थांबवू का?" नोलीनने ओठांच्या कोपऱ्यातून विचारलं. पण सिस्टर पिकेटचा जबडा पडलेला होता आणि दिग्दर्शक कोठाराला चिकटलेला होता. ब्रदर क्राफ्टांचं गाडं तर उताराला लागलं होतं.

"विरोधात कोणी असल्यास, त्याच खुणेने."

आणि एक हात वर गेला.

पिंपापाशी उभ्या असलेल्या रॉइसने, छातीपर्यंतची दाढी वाऱ्यावर उडत असताना, उजवा हात कोपरात वाकवून वर धरला होता. लहानपणी आईने दोघांना शिकवला होता, अगदी तसा.

इतकी शांतता झाली, की कुठल्याशा मेणबत्तीतून 'सायलेंट नाइट' ऐकू येऊ लागलं. माना वळल्या. आल्डर फोर्कच्या इतिहासात हे कधी घडलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी नीट दिसावं म्हणून चष्मे वर सरकवले. जमावातल्या एका बाईंनी हळूच आपला हात खाली घेतला. मग शेजारणीने. मग एकेक करत सगळे हात उतरले.

ब्रदर क्राफ्टांचा चेहरा पांढरा पडला होता. अशा वेळी काय करायचं, ते त्यांनी फक्त वाचलं होतं. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली.

"ब्रदर जोथम," ते म्हणाले, "तुमचा विरोध नोंदला. आपण... आपण नंतर एकांतात बोलू?"

"बोलू की," जोथम म्हणाला. "पण त्याच्या कोठाराला हात लावायचा नाही. त्याचं म्हणणं मला पटत नाही, आणि कधी पटणारही नाही. पण तो माझा भाऊ आहे."

"बरोबर आहे," जमावातून कोणीतरी म्हणालं.

"मग कोणी लिंबू सरबत घेणार का?" दुसऱ्याने विचारलं, आणि जमाव पांगला.

डेलमर कोठाराला टेकून उभा होता, बावीस वर्षांच्या आसाहेलच्या सदऱ्यात, चौपन्न वर्षांचा, आणि त्याच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. नोलीनने ते जवळून घेतलं. पुढे तिने सांगितलं, की फक्त त्या एका ठिकाणी तो बावीसचा दिसत होता.

मग मात्र सगळं एकदम अंगावर आलं. "कोठार जळलंच नाही!" सिस्टर पिकेटनी कपाळावर हात मारला. "समितीने मंजूर केलेलं कोठार! आता हा माणूस दुपारी बाप्तिस्मा घेणार तो कशाच्या पश्चात्तापाने?"

"कोण बाप्तिस्मा घेणार?" रॉइसने विचारलं.

डेलमरला वाटलं, आता कोठार खरंच पेटलं असतं तर बरं. "रॉइस, ते शेवटचं पान..."

"छपाईत राहिलेलं?"

"माझ्या खिशात राहिलेलं."

रॉइसने हात पुढे केला. पान उन्हाने आणि घामाने मऊ पडलं होतं. त्याने ते उभ्यानेच वाचलं. हमसून हमसून रडण्याच्या जागी त्याची भुवई वर गेली. डेलमर त्याच्या पायांकडे बघत राहिला. पाय निघाले की कळणार होतं.

पाय हलले नाहीत. "सिस्टर पिकेट," रॉइस म्हणाला, "पाण्यात मी उतरणार नाही. पण तुमचा आसाहेल बाहेर आल्यावर गारठणार, त्याचं काय? हा लहानपणापासून गारठतो. घोंगडी घेऊन काठावर कोणीतरी लागेल."

सिस्टर पिकेटनी कानामागची पेन्सिल काढली. "समितीने बाप्तिस्मा हवा म्हटलं आहे," त्या पुटपुटल्या. "कोणाचा, ते लिहिलेलं नाही."

त्या दुपारी डेलमरला तीनदा बुडवण्यात आलं, कारण दोन वेळा अंगठा वर राहिला. तिन्ही वेळा तो दात वाजवत काठावर आला तेव्हा घोंगडी तयार होती. तिसऱ्या वेळी रॉइस ती गुंडाळताना कानात म्हणाला, "भोपळ्या." ते वाक्य पटकथेत नव्हतं. नोलीनने ठेवलं.

चोवीस जुलैला चर्चच्या बास्केटबॉलच्या सभागृहात, बास्केटच्या कड्याखाली पांढरी चादर लावून, चित्रपट दाखवला गेला. हात वर जाण्याच्या प्रसंगाला लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या, की तो परत दाखवावा लागला. बिशप ऑल्सेन डोळे टिपत होते. समितीचे अध्यक्षही आले होते; त्यांनी विचारलं, "हे मूळ पटकथेत होतं?" त्यावर सिस्टर पिकेट म्हणाल्या, "असायला हवं होतं."

जेलीच्या रांगेत निवृत्त झालेले इतिहासाचे एक मास्तर डेलमरला भेटले. "छान झालं," ते म्हणाले. "एक बारीकसा दोष आहे. अठराशे तीस साली आपल्याकडे दाढ्या ठेवतच नसत. शेतकरीसुद्धा गुळगुळीत. दाढ्यांची फॅशन पुष्कळ नंतर आली."

डेलमर वाटी घेऊन तसाच आईपाशी गेला. ती खुर्चीवर बसून जेलीतलं गाजर बाजूला काढत होती.

"आई, जोथमला दाढी नव्हती."

"असं?"

"तू म्हणालीस, सासूबाई सांगायच्या."

"सासूबाई पुष्कळ काही सांगायच्या," आई म्हणाली. "मी तेव्हा काय जन्माला आले होते?" आणि तिने गाजर त्याच्या वाटीत टाकलं.

रविवारी आईच्या टेबलावर रोस्ट होतं, आंबट साय घातलेले बटाटे होते, आणि सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. रॉइस सकाळी चर्चला आला नव्हता. येणारही नव्हता, ते त्याने दारातच सांगितलं, आणि डेलमरने "कोट दे, अडकवतो," एवढंच म्हटलं. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांनी माना खाली घातल्या. रॉइसने घातली नाही, पण भांड्याचं झाकणही उचललं नाही.

आमेन झाल्यावर आईने चमच्याने पेला वाजवला.

"यापुढे दर रविवारी सगळ्यांनी इथेच जेवायचं," ती म्हणाली. "ज्यांची अनुकूलता असेल त्यांनी हात वर करा."

हात वर गेले.

"विरोधात कोणी असल्यास?"

टेबलाच्या टोकाला, दाढीशेजारी, एक उजवा हात कोपरात वाकून सावकाश वर आला. काटे थांबले. नोलीनने डेलमरचा गुडघा घट्ट धरला. आई चमचा हातात धरून तशीच.

"बटाटे," रॉइस म्हणाला, "तिकडेच अडकलेत केव्हापासून. इकडे सरकवा."